नवीन घराच्या खिडक्या कुठे काढाव्यात? (डोंगर पश्चिमेला आणि ऊनही पश्चिमेलाच)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी,
वाईपासून चार किलोमीटरवर, गावाकडच्या जागेत घर बांधतोय. जागा तीन गुंठे, बांधकाम साधारण बाराशे चौरस फूट, एकमजली, विटांच्या भिंतींवर स्लॅब. जोतं भरून झालंय, पंधरा दिवसांत भिंती उठायला लागतील. नकाशा तयार आहे, पण खिडक्यांवरून घरात एकमत होत नाहीये. भिंत उठल्यावर फोडाफोड करायची नाही, म्हणून आत्ताच विचारतो.

रस्ता आणि फाटक पूर्वेला. दक्षिणेला दहा फुटांवर चुलत्यांचं घर. उत्तरेला मोकळं, एक जुना आंबा आहे. पश्चिमेला हळदीचं शेत आणि त्याच्या पलीकडे थेट पाचगणीचा डोंगर. पसरणीचा घाट आमच्या अंगणातून दिसतो. रात्री गाड्यांचे दिवे वळणावळणाने चढताना-उतरताना दिसतात.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी याच घाटात काढली. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून दिवसाचा जास्तीत जास्त वेळ खाटेवरच जातो. त्यांची खोली नैऋत्येला आहे आणि मला तिथे पश्चिमेला चांगली मोठी खिडकी हवी आहे. नकाशा काढणाऱ्या बाई म्हणतात, पश्चिमेला खिडकी नको, उन्हाळ्यात खोलीची भट्टी होईल आणि पावसाळ्यात पाणी आत येईल. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, सगळीकडे चार बाय चार टाकू, एका मापाच्या घेतल्या की स्वस्त पडतात. आईचं म्हणणं एवढंच, की ओट्यापाशी उभं राहिल्यावर तिला फाटक दिसलं पाहिजे.

ज्यांनी घरं बांधली आहेत त्यांनी सांगा. काय जमलं, काय चुकलं, पुन्हा बांधायचं झालं तर कोणती खिडकी कुठे काढाल?

पडवी
गुहागरहून लिहितोय. आमच्या जुन्या चिऱ्याच्या घराला पश्चिमेकडे एकही खिडकी नव्हती. सहा फुटांची पडवी होती आणि पावसाळ्यापूर्वी तिला झापं बांधायची. मी २०११ साली नवं घर बांधताना ‘समुद्राची हवा येईल’ म्हणून पश्चिमेला सहा फूट रुंद सरकती खिडकी केली. पहिल्याच आषाढात गादी भिजली. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी साठतं, ते बाहेर जायची भोकं मातीने आणि मुंग्यांनी बुजतात, आणि वाऱ्याचा जोर आला की साठलेलं पाणी उलटं आत उडतं. तीन वर्षं दर पावसाळ्यात बाहेरून प्लास्टिक बांधलं. शेवटी बाहेर पत्र्याची पडवी काढली तेव्हा सुटलो.
तुमच्याकडे कोकणाइतका पाऊस नाही, पण झड येते ती त्याच बाजूने. डोंगर कितीही देखणा असला तरी माझं मत नको असंच.

रेघोट्या
मी आर्किटेक्ट आहे, साताऱ्यात आणि पुण्यात कामं करते. तुमच्या बाई चुकीचं सांगत नाहीयेत, पण ‘पश्चिमेला खिडकी नको’ एवढ्यावर थांबणंही बरोबर नाही. आधी दिशांचा हिशेब बघू.

वाई साधारण १८ अक्षांशावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, खांबाची सावली खांबाच्या पायाशीच पडते. जूनमध्ये तर दुपारी तो किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन जवळजवळ येतच नाही. डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेला ४८-४९ अंशांवर उतरतो. दोन फुटांचा छज्जा आणि चार फूट उंच खिडकी धरली, तर वरचे सव्वादोन फूट सावलीत राहतात आणि खालच्या पावणेदोन फुटांतून ऊन आत येतं. थंडीत हवंच असतं ते. लोक दक्षिणेला उगाच घाबरतात. घाबरायचं ते पश्चिमेला, कारण तिथे छज्जा कामाला येत नाही. एप्रिलअखेर संध्याकाळी पाचला तुमच्याकडे सूर्य साधारण २५ अंशांवर असतो, तेव्हा तोच दोन फुटांचा छज्जा जेमतेम फूटभर सावली देतो. खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभे आडोसे काढले तरी उपयोग नाही, त्या दिवसांत सूर्य खिडकीच्या अगदी समोर असतो.

उत्तरेचा उजेड सगळ्यात शांत. लिहिणं, शिवण, अभ्यास त्या बाजूला ठेवा.

हवेचं म्हणाल तर राष्ट्रीय इमारत संहिता कोरड्या उष्ण प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश आणि दमट उष्ण प्रदेशात एक षष्ठांश उघडी जागा सांगते. बारा बाय दहाच्या खोलीला म्हणजे १२ किंवा २० चौरस फूट. पण चार बाय चारची सरकती खिडकी कागदावर १६ आणि हवेला ८, कारण एका वेळी निम्मीच उघडते. त्यात मच्छरजाळी लावली की वारा आणखी कमी. बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते. मी शक्य तिथे तीच सुचवते.

नागपुरी_उन्हाळा
आमच्याकडे खिडकी म्हणजे आधी कूलरची जागा. नंतर बाकी सगळं. घर बांधताना ग्रिलवाल्याने अख्खी जाळी ठोकून दिली आणि मार्चमध्ये कूलर आणल्यावर ती कापून काढावी लागली. तुम्हाला कूलर लावायचा असेल तर ती खिडकी आत्ताच ठरवा, बाहेर पॉइंट आणि नळ काढून ठेवा, स्टँडला जागा ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोरच्या भिंतीला किंवा कोपऱ्यात हवा बाहेर जायला दुसरी खिडकी पाहिजे. कूलर चालू आणि सगळं बंद असलं की तासाभरात अंग चिकट होतं, मग लोक कूलरला शिव्या देतात.
४५ अंशांत पश्चिमेची खिडकी काय करते हे मी सांगायला नको. लहानपणी आमचे आजोबा तिला वाळ्याची ताटी लावून दर तासाला पाणी मारत.

शेवंती
मला तुमच्या आईबद्दल लिहायचं आहे.
माझं माहेर सोलापूरकडचं, धाब्याचं घर. स्वयंपाकघरात खिडकी नव्हती, छताला एक साणं होतं. त्यातून दुपारी उजेडाचा एक गोल जमिनीवर पडायचा आणि तो सरकत चुलीपाशी आला की आई म्हणायची, शाळा सुटली असेल आता. पुढे शहरात आलो, फ्लॅट झाला, तिथे ओट्यासमोर सलग टाइल्सची भिंत. खिडकी होती, पण बाजूला, फ्रिजच्या मागे. आईने तीस वर्षं त्या भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटल्या. दारावर कोण आलं हे तिला शेवटपर्यंत दुसऱ्याने सांगावं लागायचं.
घरात जे माणूस सगळ्यात जास्त तास काढतं, त्याला सगळ्यात चांगली खिडकी द्यावी असं मला वाटतं. दिवाणखान्यात पाहुणे महिन्यातून दोनदा येतात. तिथे भिंतभर काच, आणि स्वयंपाकघरात दीड बाय दोनचा झरोका, हे मला बघवत नाही.

कृष्णाकाठ
@शेवंती, ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी स्वतः जोत्यावर जाऊन ओटा कुठे येणार तिथे उभी राहिली. फाटक दिसतं, पण नकाशातली खिडकी दीड फूट डावीकडे सरकवावी लागेल.

चाफेकळी
+१ शेवंती. वाचनखूण साठवली.

सुतारपक्षी
ओट्यासमोरच्या खिडकीबद्दल तीन गोष्टी, चौकटी बसवण्यात आयुष्य गेलंय म्हणून सांगतो. ओटा पावणेतीन फुटांवर येतो, तर खिडकीची खालची कड साडेतीन फुटांच्या खाली घेऊ नका, नाहीतर भांडी घासताना पाणी उडून चौकट कुजते. सिंकचा नळ उंच मानेचा असेल तर आत उघडणारी खिडकी त्यावर आपटते, म्हणून बाहेर उघडणारी किंवा सरकती करा. आणि गॅस खिडकीच्या अगदी समोर ठेवू नका, वाऱ्याने ज्योत पडते. खिडकीसमोर सिंक, गॅस बाजूला.

आता भिंतीचं. तुमचं घर विटांच्या भिंतीवर उभं राहतंय, कॉलमवर नाही. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, सातारा जिल्ह्यात बांधताना तो विसरायचा नाही. कोपऱ्यापासून निदान दोन फूट भिंत सलग सोडून मग खिडकी. दोन खिडक्यांच्या मधली भिंतही तेवढीच रुंद ठेवा. आणि लिंटेलचा, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या काँक्रीटच्या तुळईचा, पट्टा घरभर सलग फिरवा, नुसता खिडकीवर तुकडा टाकू नका. हल्ली मासिकात बघून कोपऱ्यातली खिडकी मागतात. कॉलम-बीमच्या घरात इंजिनियरने हिशेब करून दिली तर ठीक, विटांच्या घरात नाही.

आजोबा_नाशिककर
माझा अनुभव थोडा वेगळा. १९९८ साली घर बांधलं तेव्हा वास्तूवाल्या एका गृहस्थांनी दक्षिणेच्या दोन्ही खिडक्या बंद करायला लावल्या. केल्या. थंडीत ती खोली इतकी गार आणि अंधारी, की दिवसा दिवा लावून बसायचो. कपाटातले कपडे कुबट. सहा वर्षांनी सौभाग्यवतींना सांधेदुखी सुरू झाली, डॉक्टरांनी सकाळच्या-दुपारच्या उन्हात बसायला सांगितलं, आणि ऊन तर आम्हीच बंद केलेलं! गवंडी बोलावून एक खिडकी परत फोडली. आज ती त्याच खिडकीत बसून तांदूळ निवडते.

ईशान्य
काका, एका माणसाच्या चुकीवरून सगळं शास्त्र मोडीत काढू नका. पूर्व-उत्तर मोकळी ठेवा, जड भिंती दक्षिण-पश्चिमेला ठेवा, हे जुने लोक सांगत आले ते उगाच नाही. सकाळचं कोवळं ऊन आत यावं आणि दुपारचं अडावं, हाच त्याचा अर्थ.

आजोबा_नाशिककर
@ईशान्य, तो अर्थ मला मान्यच आहे. माझं दुःख एवढंच की त्या गृहस्थांनी अर्थ सांगितला नाही, नुसती बंदी सांगितली. आणि मीही विचारला नाही.

रेघोट्या
दोघांशी सहमत. पूर्वेबद्दल एक भर घालते. पुण्या-साताऱ्याकडे वळवाचा पाऊस बऱ्याचदा पूर्वेकडून येतो, वावटळ घेऊन. लोक पश्चिमेला छज्जा नीट काढतात आणि पूर्वेला ‘इकडून कुठला पाऊस’ म्हणून नऊ इंचांवर भागवतात. मग मेमध्ये दिवाणखान्यात तळं. छज्जा चारी बाजूंना दोन फूट हवाच, आणि त्याच्या खालच्या अंगाला बाहेरच्या कडेलगत बारीक खाच काढून घ्या. पाणी तिथेच तुटून खाली पडतं, भिंतीकडे ओघळत येत नाही.

बावीसखिडक्या
माझं हे नाव मित्रांनीच ठेवलंय. २०१६ साली सांगलीत बंगला बांधला, हौसेने २२ खिडक्या काढल्या. त्यातल्या नऊ मी वर्षभरात एकदाही उघडत नाही. एका खिडकीमागे चौकट, काच, ग्रिल, जाळी, पडदा, पडद्याचा दांडा, आणि दिवाळीला पुसायचे दोन तास. तेवढ्याच जागेत साधी भिंत किती स्वस्त पडली असती! शिवाय कपाटाला भिंत उरली नाही. मुलीच्या खोलीत पलंग कसाही लावला तरी डोकं खिडकीखाली येतं.
कमी काढा, पण रोज उघडाल अशा काढा. आणि नकाशावर पलंग, कपाट, टेबल मापाने काढल्याशिवाय एकही खिडकी ठरवू नका. कपाटाला दोन फूट खोली लागते. कोपऱ्यापासून दोन फूट सोडले तर भूकंपाचं आणि कपाटाचं, दोन्ही कामं एकदम होतात.

मनीची_आई
खिडकीत बसायला कट्टा कराच, असं मी सांगणार होते. दीड फूट खोल, खाली पुस्तकांचे कप्पे. आमच्याकडे केलाय, मुलं तिथेच वाढली. आता मुलं बाहेरगावी आणि कट्टा मांजरीकडे. पण सुट्टीत मुलगा आला की पहिल्यांदा तिला उठवून स्वतः बसतो.

माडाची_सावली
गोव्यातून. विषय थोडा बाजूला जातोय, पण राहवत नाही. आमच्या आजोळच्या घराला अजून शिंपल्यांच्या खिडक्या आहेत. लाकडाच्या उभ्या पट्ट्यांत चपट्या शिंपल्यांचे घासून पातळ केलेले चौकोन सरकवलेले असतात. काच मिळणं अवघड होतं त्या काळातली ही रीत. बाहेरचं काही दिसत नाही, पण आत जो उजेड येतो तो दुधासारखा, डोळ्यांना कधीच टोचत नाही. दुपारी त्या खोलीत झोपलं की बाहेर ऊन आहे की ढग हे नुसतं भिंतीच्या रंगावरून कळायचं. एकेक शिंपला फुटत गेला तसे लोकांनी त्या जागी काचा बसवल्या, दुरुस्त करणारे हात कमी झाले. मामाने मात्र हट्टाने चार खिडक्या राखल्यात.
धाग्याला धरून सांगायचं तर खिडकी तीन कामं करते: उजेड, वारा, दिसणं. तिन्ही एकाच खिडकीने करावीत असं कुठे आहे? उजेडाला वरचा झरोका, वाऱ्याला जाळीची भिंत, आणि बघायला एक लहानशी, नीट जागी.

म्युनिकर
@माडाची_सावली, शेवटचं वाक्य फार पटलं.
मी बारा वर्षं म्युनिकमध्ये आहे. इथे उलटा प्रकार, डिसेंबरात भर दुपारी सूर्य १८ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेचं ऊन सगळे जपून आत घेतात. पण इथून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. इथे बऱ्याच घरांच्या खिडक्यांना काचेच्या बाहेरून गुंडाळता येणारी झडप असते. ऊन काचेतून आत आलं की उष्णता आत आलीच, मग आतला पडदा कितीही जाड असो. अडवायचं तर काचेच्या बाहेर. पुण्यात आमच्या घरी पश्चिमेच्या बाल्कनीला बांबूचा पडदा बाहेरून सोडला, हात लावला तरी फरक कळतो.

गावठाण
पश्चिमेचं शेत कुणाचं आहे? आज हळद आहे, उद्या तिथे एनए (बिगरशेती) होऊन प्लॉट पडले तर? आमच्या शेजारी अगदी हेच झालं. उत्तरेच्या खिडकीपासून चार फुटांवर भिंत उभी राहिली. भारतीय सुखाधिकार अधिनियम १८८२ प्रमाणे उजेड-वाऱ्याचा हक्क मिळायला २० वर्षं अखंड, बिनतक्रार उपभोग लागतो. आमची झाली होती चौदा. कोर्टकचेरी न करता बसलो, पण खोली कायमची अंधारी झाली. म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या जमिनीवरच्या उजेडावर घराची मुख्य खोली उभी करू नका. आपल्या हद्दीत जे मोकळं सोडाल तेवढंच आपलं.

कृष्णाकाठ
@गावठाण, शेत धाकट्या चुलत्यांचं आहे. त्यांना विचारलं. म्हणाले, माझ्या हयातीत विकत नाही, पुढचं पोरांचं पोरं बघतील. हद्दीपासून आम्ही बारा फूट सोडतोय. मला वडिलांसाठी खिडकी आत्ता हवी आहे. पंधरा वर्षांनी काय होईल ते तेव्हा बघू.
सगळ्यांचं वाचून पश्चिमेची मोठी खिडकी रद्द करावी असं वाटायला लागलंय. पण मन तयार होत नाही.

रेघोट्या
रद्द करू नका. दोन गोष्टी आधी करा.

एक, वडील घाटाकडे कधी बघतात ते बघा. दुपारी तीन ते सहा बघतात का? पश्चिमेच्या डोंगरावर सकाळी समोरून ऊन पडतं, तेव्हा तो सगळ्यात स्पष्ट दिसतो. संध्याकाळी सूर्य त्याच्या मागे जातो आणि डोंगर नुसता काळा दिसतो. गाड्यांचे दिवे तर अंधार पडल्यावरच. म्हणजे बघायच्या वेळा आणि उन्हाच्या वेळा वेगळ्या असू शकतात.

दोन, जोतं तयार आहे ना? मग खाट उचलून तिथे न्या. खोलीच्या भिंती दोरीने आखा, खाट जिथे येणार तिथे ठेवा, वडिलांना त्यावर निजवा आणि त्यांच्या डोळ्यांची उंची मोजा. आम्ही खिडकीची खालची कड सवयीने तीन फुटांवर काढतो, ती उभ्या माणसासाठी. निजलेल्या माणसाचे डोळे अडीच फुटांच्या आसपास असतात. तिथून तीन फुटांच्या कडेवरून बघितलं तर काय दिसतं, हे नकाशा सांगत नाही.

शेवंती
रेघोट्या, किती छान सुचवलंत. कृष्णाकाठ, नक्की करा आणि कळवा.

ग्रिलवाला_भाऊ
अजून एक. आजारी माणसाच्या खिडकीला डिझाइनचं ग्रिल घालू नका. फुलं-वेली उभ्याने बघायला बऱ्या वाटतात, पडल्या पडल्या त्या दिवसभर डोळ्यांसमोर येतात. आणि आडव्या सळ्या नकोत, एक तरी बरोबर डोळ्यांच्या रेषेत येतेच. उभ्या सळ्या, चार-चार इंचांवर. दूरचं बघताना त्या लवकरच दिसेनाशा होतात.

पडवी
@ग्रिलवाला_भाऊ, हे पहिल्यांदाच ऐकलं आणि आत्ता पलंगावर पडून तपासलं. बरोबर आहे.

कृष्णाकाठ
आठ दिवसांनी लिहितोय, काम चालू होतं.

आधी वडिलांच्या वेळा पाहिल्या. आई म्हणाली, ते सकाळी चहानंतर बाहेर न्यायला खुणावतात आणि रात्री जेवणानंतर. दुपारी जेवले की साडेपाचपर्यंत झोपतात. इतकी वर्षं एका घरात राहून हे माझ्या लक्षात नव्हतं.

रविवारी सकाळी खाट जोत्यावर नेली. धाकट्या भावाने आणि मी त्यांना खुर्चीतून उचलून निजवलं, उशी नेहमीसारखी दिली. डोळे जोत्यापासून दोन फूट सात इंचांवर आले. खाटेपासून चार फुटांवर, जिथे भिंत येणार तिथे, दोन बाजूंना विटा रचून त्यांवर फळी ठेवली, तीन फुटांवर. मी विचारलं, दिसतंय का? त्यांना बोलायला त्रास होतो, एकेक शब्द येतो. म्हणाले, “आभाळ.” मी त्यांच्या उशीला डोकं लावून बघितलं. खरंच, नुसतं आभाळ. अख्खा घाट फळीच्या मागे गेलेला. तीन फुटांवर कितीही रुंद खिडकी काढली असती तरी त्यांना डोंगर दिसला नसता.

एकेक थर विटा काढत गेलो. फळी दोन फुटांवर आली तेव्हा ते बोलले नाहीत. बराच वेळ बघत राहिले. मग चांगला हात वर करून बोट दाखवलं आणि म्हणाले, “गाडी.” एक लाल ठिपका वळणावरून खाली येत होता. तो पायथ्याच्या झाडांत जाईपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.

तर ठरलं ते असं. पश्चिमेला अडीच फूट रुंद, तीन फूट उंच, खालची कड दोन फुटांवर, दोन पाखांची बिजागरीची, बाहेर उघडणारी. छज्जा अडीच फूट. छज्ज्याच्या बाहेरच्या कडेवरून बांबूचा पडदा, म्हणजे पाखं उघडी असतानाही तो खाली येतो. ग्रिल उभ्या सळ्यांचं. हवेसाठी त्याच खोलीत दक्षिणेला मोठी खिडकी, आणि उत्तरेकडच्या भिंतीत वर झरोका, तो बोळात उघडतो. नकाशावाल्या बाईंना हे दाखवलं, त्यांनी स्वतः येऊन खाटेपाशी बसून बघितलं आणि मान्य केलं. आईची खिडकी दीड फूट डावीकडे सरकली. एका मापाच्या खिडक्या राहिल्या नाहीत म्हणून कॉन्ट्रॅक्टरने थोडे पैसे वाढवलेत, ते देतोय.

आजोबा_नाशिककर
वाचून बरं वाटलं. वडिलांना नमस्कार सांगा.

म्युनिकर
पडद्याची दोरी आतून ओढता येईल अशी करा. नाहीतर आईंना रोज दुपारी बाहेर जावं लागेल.

सुतारपक्षी
चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडात पाऊण इंची भोक पाडून दोरी आत घ्यायची, आत खुंटीला बांधायची. भोकात तांब्याची नळी घाला, दोरी झिजत नाही. भोक आतून बाहेर थोडं उतरतं ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी दोरीवरून आत चालत येईल. पाऊस सुरू झाला की पडदा काढून माळ्यावर ठेवा, त्या दिवसांत ऊन नसतंच.
आणि खालची कड दोन फुटांवर म्हणजे बाहेर जोत्यावर पडणारा पाऊस उसळून चौकटीला लागणार. खाली लाकूड नको, कडप्पा किंवा ग्रॅनाइट बसवा, बाहेर अर्धा इंच उतार देऊन, आणि भिंतीच्या बाहेर दीड इंच काढा.

कृष्णाकाठ
ग्रॅनाइट सांगितलंय. उताराचं गवंड्याला आज दाखवतो, आणि दोरी खाटेवरून हाताला येईल का तेही बघतो. वडिलांचा उजवा हात चांगला आहे.